बॅलन्स ट्रान्सफर केल्यावर जुन्या कार्ड कंपनीचं काय जातं आणि नव्या कंपनीला काय मिळतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: 'माझ्या क्रेडिट कार्डवर बरीच बाकी साचली आहे. वर्षभर किमान रक्कम न चुकता भरतोय, पण बाकी हलत नाही. आता दुसऱ्या कंपनीची ऑफर आली आहे: बाकी आमच्याकडे आणा, 12 महिने व्याज नाही, फक्त 3 टक्के फी. जुन्या कंपनीला यात तोटा होतो का? झाला तर ती लिमिट कापून किंवा माझं रेकॉर्ड खराब करून राग काढेल का? या दोन कंपन्यांचं आपसात काही ठरलेलं असतं का? आणि बिनव्याजी पैसे देऊन नव्या कंपनीच्या हाती काय लागतं? फुकट कुणी काही देत नाही, म्हणून धाकधूक वाटते.'

आधी थेट उत्तरं देतो. जुन्या कंपनीचं मुद्दल पूर्ण वसूल होतं. तिच्या हातून जातं ते तुमच्याकडून पुढे मिळणारं व्याज. दोन कंपन्यांत काहीही ठरलेलं नसतं, किंबहुना पैसे जमा होईपर्यंत जुन्या कंपनीला पत्ताही नसतो. आणि नवी कंपनी एका अंदाजावर पैसे लावते: 12 महिने संपतील तेव्हा तुमची बाकी संपलेली नसेल. तुमची धाकधूक रास्त आहे, पण तिचा रोख जुन्या कंपनीवर आहे तो नव्या कंपनीच्या अटींवर हवा.

'ट्रान्सफर' म्हटलं की कर्ज इकडून उचलून तिकडे ठेवलं असं वाटतं. तसं काही घडत नाही. नवी कंपनी तुम्हाला नवं कर्ज देते आणि त्या पैशातून तुमच्या वतीने जुन्या कार्डचं बिल भरते. कुठे ती रक्कम थेट जुन्या कार्डच्या खात्यात जाते, कुठे चेक निघतो, तर कुठे तुमच्याच बँक खात्यात टाकून बिल तुम्हाला भरायला सांगतात. जुन्या कंपनीच्या पुस्तकात त्याची नोंद साध्या भरण्याची होते. तुम्ही पगारातून भरलंत, सोनं विकून भरलंत की दुसऱ्या कार्ड कंपनीने भरलं, हिशेबात फरक पडत नाही. कर्ज विकलं जात नसल्यामुळे सूटही नसते आणि दलालीही नसते. दुकानात कार्ड घासल्यावर दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, म्हणजे इंटरचेंज, तेही इथे नाही, कारण व्यवहारात दुकानदारच नाही. व्हिसा आपल्या अहवालांत बॅलन्स ट्रान्सफरच्या रकमा खरेदीत न धरता रोख व्यवहारांच्या गटात धरते, ते यामुळेच.

जुन्या कंपनीचा हिशेब

आकडे घेऊन बघू. समजा बाकी 1,00,000 आहे, चलन कुठलंही धरा. व्याज महिन्याला 2 टक्के, किमान भरणा बिलाच्या 5 टक्के, आणि कंपनीला स्वतःला हा पैसा वर्षाला 6 टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला अर्ध्या टक्क्याने पडतो. तुम्ही तिथेच राहून वर्षभर फक्त किमान रक्कम भरलीत तर सुमारे 51,800 भराल. त्यातले सुमारे 20,300 व्याजात जातील आणि बाकी 68,500 च्या आसपास उरेल. कंपनीचा स्वतःचा पैशाचा खर्च सुमारे 5,100. उरले 15,200. तुम्ही निघून गेलात की जुन्या कंपनीच्या हातून जाते ती ही रक्कम, तीही पहिल्याच वर्षाची.

(या उदाहरणात नवी खरेदी नसेल तर बाकी वर्षात जवळपास एक तृतीयांश उतरते. तुमची 'हलत नाही' म्हणजे एक तर त्याच कार्डवर खरेदी चालू आहे, नाही तर तुमच्या कंपनीची किमान रक्कम व्याजाला जेमतेम पुरेल एवढीच आहे. दोन्हींपैकी काय आहे ते ट्रान्सफरच्या आधी शोधा. खरेदी चालू असेल तर कार्ड बदलून दुखणं फक्त जागा बदलेल.)

पण 15,200 हा पुरता तोटा नव्हे. तुम्ही गेल्यावर जुन्या कंपनीचे काही पैसे मोकळेही होतात. पहिलं, बुडण्याची जोखीम गेली. कार्डाचं कर्ज विनातारण असतं, त्यामुळे प्रत्येक बाकीमागे कंपनीला संभाव्य बुडिताची तरतूद करून ठेवावी लागते. बाकी फिटली की ती तरतूद परत नफ्यात येते. दुसरं, भांडवल मोकळं होतं. कर्जामागे बँकेने स्वतःचं किती भांडवल बाजूला ठेवायचं हे जोखीम-भारावरून ठरतं: भार जास्त तर भांडवल जास्त. डिसेंबर 2017 मध्ये ठरलेल्या बासल नियमांत, म्हणजे बँकांच्या भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाच्या बाकीवर 45 टक्के जोखीम-भार आहे, आणि तुमच्यासारखी बाकी पुढे ओढणाऱ्या किरकोळ ग्राहकावर 75 टक्के. देशोदेशीचे नियामक यात वाढही करतात. भारतात रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये बँकांच्या क्रेडिट कार्ड कर्जांसाठी तो 125 वरून 150 टक्क्यांवर नेला. म्हणजे व्याजाच्या दृष्टीने सगळ्यात गोड ग्राहक भांडवलाच्या दृष्टीने महागही असतो. तिसरं, परत आलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी कर्जाऊ जातो.

तरीही जुन्या कंपनीला एक गोष्ट खरोखर झोंबते, आणि ती तुमच्या एकट्याच्या खात्यात दिसत नाही. कोण जातं ते बघा. नवी कंपनी अर्जदाराची पत तपासते. नियमित भरणारे, मोठी बाकी असूनही एक हप्ता न चुकवलेले लोक मंजूर होतात आणि बाहेर पडतात. ज्यांचे हप्ते चुकलेत, ज्यांचं उत्पन्न डळमळीत आहे, त्यांचे अर्ज फेटाळले जातात आणि ते जुन्याच कंपनीत राहतात. असं हजारो खात्यांत घडलं की व्याज देणारे भरवशाचे ग्राहक गळतात आणि मागे उरलेल्या बाकीत बुडिताचं प्रमाण चढतं. एकूण बाकी 10 टक्क्यांनी घटली आणि बुडणारी रक्कम मात्र तेवढीच राहिली, तर 100 मागे 5 बुडत होते ते 90 मागे 5 होतात. एकही नवं कर्ज न बुडता प्रमाण 5 वरून 5.6 टक्क्यांवर जातं.

कार्डांची बाकी गठ्ठ्याने रोख्यांत बदलून गुंतवणूकदारांना विकणाऱ्या कंपन्यांना आणखी एक जाच असतो. अशा रोख्यांच्या अटींत गठ्ठ्यावर मिळणारं उत्पन्न, त्यातून खर्च आणि बुडीत वजा जाता उरणारी रक्कम यांवर लक्ष असतं. ही उरलेली रक्कम साधारणपणे सलग तीन महिन्यांच्या सरासरीत शून्याखाली गेली तर गुंतवणूकदारांचे पैसे मुदतीआधी फेडायला सुरुवात करावी लागते. व्याज देणारे चांगले ग्राहक गेले की जुन्या कंपनीचं हे उत्पन्न उतरतं. गंमत म्हणजे बिनव्याजी बाकी गठ्ठ्यात घातली तर नव्या कंपनीचंही उतरतं.

मग राग काढेल का?

कंपनीला राग नसतो, पण तिच्या संगणकाला तुमचं वागणं दिसतं. बाकी एकदम शून्य झाली आणि क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात नवं कार्ड दिसलं, की तुमचं खातं वेगळ्या रकान्यात जातं. पुढे दोन गोष्टी संभवतात. बहुतेक वेळा महिना-दोन महिन्यांत ऑफरचा मारा सुरू होतो: खरेदीवर जादा पॉइंट, हप्त्यांत सवलत, बाकी परत आणली तर कमी व्याज. क्वचित उलटं होतं. रिकाम्या लिमिटवरही कंपनीला जोखीम मोजावी लागते, कारण तुम्ही कधीही ती पूर्ण वापरू शकता. तुमचं एकूण कर्ज वाढतंय असं दिसलं तर लिमिट खाली येऊ शकते. हे सूडाने होत नाही. एका माणसाच्या नावावर जुनी रिकामी लिमिट आणि नवी भरलेली लिमिट दोन्ही आहेत, आणि उद्या दोन्ही भरल्या तर काय, एवढाच तो हिशेब असतो.

रेकॉर्डबद्दल निर्धास्त राहा. पूर्ण फेडलेलं खातं पूर्ण फेडलेलं म्हणूनच नोंदवावं लागतं. 'सेटलमेंट' हा शेरा कंपनीने काही रक्कम सोडून दिली तर लागतो. इथे तिने काहीच सोडलेलं नाही. नव्या अर्जामुळे तुमच्या अहवालात एक चौकशी वाढेल आणि क्रेडिट स्कोअर थोडा हलेल. एका महिन्यात चार ठिकाणी अर्ज टाकलेत तर मात्र ते चारही जणांना दिसतं.

नव्या कंपनीची पैज

आता तेच 1,00,000 नव्या कंपनीच्या बाजूने बघू. तुम्ही 12 समान हप्त्यांत सगळं फेडलंत असं धरा. तिला 3,000 फी मिळाली. वर्षभर अडकलेल्या पैशाचा तिचा खर्च 3,250. अर्ज तपासणं, कार्ड पाठवणं, जाहिरात आणि हजारांतले जे बुडवतील त्यांचा वाटा हे सगळं अजून धरलंच नाही, तरी ती 250 ने मागे आहे. म्हणजे शिस्तीत फेडणाऱ्या ग्राहकावर नव्या कंपनीला नुकसानच होतं.

आता फक्त 5 टक्के किमान रक्कम भरणारा ग्राहक घ्या. सवलतीच्या वर्षात कंपनीचा पैशाचा खर्च सुमारे 4,600, फी 3,000. तोटा 1,600. पण वर्षाअखेर 54,000 बाकी उरलेली असते आणि तेराव्या महिन्यापासून त्यावर महिना 2 टक्के लागतात. दुसऱ्या वर्षी त्याच गतीने भरत राहिलं तर सुमारे 11,000 व्याज मिळतं, त्यातून पैशाचा खर्च 2,700 वजा करा. उरले 8,200 च्या पुढे-मागे, आणि पहिल्या वर्षाचा खड्डा भरून 6,600 हाती. शिस्तीच्या ग्राहकावरचं नुकसान कंपनी अशा ग्राहकांच्या जिवावर सोसते.

आणखी तीन वाटांनी तिचं उत्पन्न वाढतं. बाकी असताना नव्या कार्डवर खरेदी केली तर पुष्कळ ठिकाणी त्या खरेदीला नेहमीचा बिनव्याजी काळ मिळत नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज लागतं. दुसरी वाट, एखादा भरणा चुकला तर सवलतीचा दरच रद्द. तिसरी, भरलेला पैसा आधी कुठल्या बाकीवर लावायचा हे कंपनी ठरवते. तिने तो आधी शून्य टक्क्यांच्या बाकीवर लावला तर महाग बाकी तशीच वाढत राहते. अमेरिकेत 2009 च्या कार्ड कायद्याने यातल्या बऱ्याच गोष्टींना लगाम घातला. तिथे किमान रकमेच्या वरचा भरणा सर्वाधिक दराच्या बाकीवर आधी लावावा लागतो, सवलतीचा दर किमान 6 महिने टिकवावा लागतो आणि आधीच्या बाकीवरची सवलत भरणा 60 दिवस थकल्याशिवाय काढता येत नाही. तुमच्या कंपनीला कुठला नियम लागू आहे हे करारातच शोधावं लागेल. ऑफरच्या कागदावर ते सहसा नसतं.

हा खेळ नवा नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस यांनी अमेरिकेतल्या सिग्नेट बँकेच्या कार्ड विभागात सुरुवातीला कमी दर देणारे बॅलन्स ट्रान्सफर मोठ्या प्रमाणावर चालवले. तोच विभाग वेगळा होऊन कॅपिटल वन झाला. त्यांची खरी करामत स्वस्त दरात नव्हती. कुठल्या प्रकारच्या ग्राहकाला कुठली ऑफर पाठवली तर तो किती काळ राहतो आणि किती फेडतो, हे ते हजारो पत्रं पाठवून मोजत होते.

मोजायला हवंच होतं, कारण ऑफरला होकार कोण देतो यावर सगळं अवलंबून आहे. अर्थतज्ज्ञ लॉरेन्स ऑसुबेल यांनी 1999 मध्ये एका कंपनीने कुणाला कुठली हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून पाठवलेल्या ऑफरचा अभ्यास मांडला. कमी आकर्षक ऑफर, म्हणजे जास्त दर किंवा लहान मुदत, स्वीकारणारे लोक परतफेडीत कच्चे निघाले आणि त्यांनी पुढे जास्त बुडवलं. कारण उघड आहे, ज्याला दुसरीकडे चांगली ऑफर मिळते तो वाईट ऑफरला हात लावत नाही. म्हणून कंपनीला फी वाढवून किंवा मुदत कमी करून सुटता येत नाही. ती जितकी कंजुषी करेल तितके तिच्याकडे अडचणीतले ग्राहक येतात.

नव्या कंपनीच्या ताळेबंदात या गोष्टी उलट्या क्रमाने दिसतात. खर्च आधी, कमाई नंतर. 1 जानेवारी 2018 पासून लागू असलेल्या आयएफआरएस 9 या लेखा-मानकात कर्ज दिल्यादिवशीच पुढच्या 12 महिन्यांतल्या संभाव्य बुडिताची तरतूद करावी लागते. म्हणजे तुमची बाकी आली की जुनी कंपनी तरतूद परत घेते आणि नवी नव्याने करते. कर्जदार तोच, कर्ज तेवढंच, फक्त नफा-तोट्याची नोंद इकडून तिकडे. दुसरीकडे नवी कर्जं पहिले काही महिने क्वचितच थकतात, त्यामुळे ट्रान्सफर जोरात गोळा करणाऱ्या कंपनीचं थकबाकीचं प्रमाण सुरुवातीला फारच छान दिसतं. वाढ थांबली की खरा आकडा वर येतो. इंग्लंडमध्ये काही कंपन्या पुढे मिळेल अशा व्याजाचा अंदाज बांधून त्यातला काही भाग बिनव्याजी काळातच उत्पन्न म्हणून दाखवत होत्या. त्यांचे अंदाज चुकले तर काय, हा प्रश्न 2017 मध्ये तिथल्या प्रुडेन्शियल रेग्युलेशन अथॉरिटी या बँक-नियामक संस्थेने जाहीरपणे उपस्थित केला होता.

एकाच कंपनीच्या दोन कार्डांत बाकी का हलवू देत नाहीत, याचंही उत्तर यात आहे. तिथे कंपनी स्वतःचंच व्याज स्वतःच बुडवेल. दोन वेगळी नावं असलेली कार्डं एकाच बँकेने दिलेली असतील तरीही अर्ज फेटाळला जातो, म्हणून कार्डवर कुठल्या ब्रँडचं नाव छापलंय त्याऐवजी ते कुठल्या बँकेने दिलंय ते बघा.

ऑफरचा दुसरा एक प्रकार आहे: बाकी आणायची आणि ठरावीक मासिक हप्त्यांत, कमी पण शून्य नसलेल्या व्याजाने फेडायची. त्यात मुदतीनंतर बाकी उरेल ही पैज नसते. कंपनी थेट व्याजावर कमावते, त्यामुळे अटी साध्या असतात. ज्याला स्वतःच्या शिस्तीची खात्री नाही त्याला आमच्या मते हा प्रकार बरा.

तुम्ही काय करावं

पहिलं काम, ऑफर हातात ठेवून जुन्या कंपनीला फोन करा. 15,200 जाण्याऐवजी त्यातले 7,000-8,000 राहिले तरी तिला चालण्यासारखं आहे. नेहमीच्या कॉल सेंटरला हे अधिकार नसतात. 'मला बाकी पूर्ण भरून कार्ड बंद करायचं आहे' असं म्हटलं की फोन ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे जातो. तिथे व्याजदर किंवा हप्ते मागा, पॉइंटांवर समाधान मानू नका. मिळालेलं वचन लेखी घ्या. वरच्या उदाहरणात 2 टक्के दरानेच 12 समान हप्त्यांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सुमारे 9,460 आणि एकूण व्याज सुमारे 13,500 होतं. ट्रान्सफरचा खर्च 3,000. जुनी कंपनी जे काही देऊ करेल ते या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे बसतं ते तपासा.

ट्रान्सफरच करायचं ठरलं तर स्टेटमेंटवरची रक्कम घेऊन अर्ज भरू नका. व्याज रोज चढतं. जुन्या कंपनीकडून अपेक्षित तारखेपर्यंतची पूर्ण फेडीची रक्कम विचारा. नवी कंपनी सहसा लिमिटच्या पूर्ण रकमेइतकं ट्रान्सफर देत नाही, आणि फीदेखील लिमिटमधूनच जाते. म्हणजे 1,00,000 ची लिमिट मिळाली तरी 1,00,000 ची बाकी त्यात मावणार नाही. किती मंजूर झालं ते कळल्याशिवाय जुन्या कार्डचं काही ठरवू नका.

पैसे पोचायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागू शकतात. या काळात जुन्या कार्डची तारीख आली तर किमान रक्कम भरायचीच. 'आता ते ट्रान्सफर होणारच आहे' या विचाराने भरणा सोडणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक. लेट फी लागते, अहवालात उशीर नोंदला जातो, आणि नव्या कंपनीने अंतिम मंजुरी अजून दिली नसेल तर ती थांबूही शकते. दोन्हींकडून भरणा झाला आणि जुन्या कार्डवर जादा जमा झालं तर ते तुमचेच पैसे आहेत, मागून परत मिळतात.

सवलतीचे 12 महिने कधीपासून मोजतात हे विचारा. काही कंपन्या कार्ड उघडल्या दिवसापासून मोजतात, ट्रान्सफर झाल्या दिवसापासून नव्हे. म्हणून 12 ने न भागता 11 ने भागा. फी धरून 1,03,000 असतील तर महिन्याला 9,364. ही रक्कम आपोआप जाईल अशी सूचना पहिल्याच दिवशी लावा. किमान रकमेची सूचना लावलीत तर वर किमान भरणाऱ्याचा हिशेब केला, तो तुमचा झाला. नवं कार्ड खरेदीला वापरू नका. ते पाकिटात नसलेलंच बरं.

जुन्या कार्डवर हप्त्यांत घेतलेली खरेदी असेल तर ती मुदतीआधी फेडण्याचं शुल्क वेगळं लागू शकतं. वादात असलेली खरेदी असेल तर तिची तक्रार जुन्या कंपनीकडेच राहते, तिथली बाकी हलवली म्हणून ती नवीकडे जात नाही, आणि रिफंड आला तरी जुन्याच कार्डवर येतो. साठलेले पॉइंट आधी वापरून टाका. वापरले न गेलेले पॉइंट कंपनीच्या पुस्तकात देणं म्हणून उभे असतात. खातं बंद झालं की ते देणं पुसलं जातं, आणि तुमच्या जाण्यातही तिला थोडा नफा होतो. तो द्यायचं काही कारण नाही.

कार्ड बंद करायचं की ठेवायचं हे तुमच्या खर्चावर अवलंबून आहे. वार्षिक फी नसेल आणि हात आखडता ठेवता येत असेल तर ठेवा, रिकामी लिमिट क्रेडिट स्कोअरला मदत करते. बाकी पुन्हा चढेल अशी थोडीही शंका असेल तर बंद करा. जुनी कंपनी याच शंकेवर ऑफर पाठवत राहते, कारण रिकाम्या लिमिटचा ग्राहक परत आला तर तिला व्याज पुन्हा सुरू, आणि तुमच्यावर दोन कर्जं. भारतात रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे, बाकी शून्य असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती 7 कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते.

बंद करण्याच्या आधी पुढची दोन स्टेटमेंट येऊ द्या. शेवटच्या बिलापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. रक्कम फार नसते, पण 'बाकी शून्य झाली' म्हणून कुणी बिल उघडतच नाही, त्या चिल्लर रकमेवर लेट फी चढते आणि अहवालात थकबाकी दिसते. त्या कार्डवर लावलेल्या वर्गण्या आणि बिलांची आपोआप वजावट याच दोन महिन्यांत दुसरीकडे वळवून घ्या.